पस्तीस सेंट

त्या आठवड्यात सरोवर इतकं गोठलं होतं
की लोक त्यावरून गाड्या नेत होते.
मोटेलच्या तळघरातल्या खोलीत आम्ही नऊ जण.
दहावा, एमिल ट्वेट, वाटेत कुठेतरी बर्फात रुतलेला;
त्याची खुर्ची ठेवली होती, पण गणपूर्तीत धरली नव्हती.

इतिवृत्त मी लिहिलं. तेवीस वर्षांची, अक्षर बरं, म्हणून.
त्यात आहे: संघटना स्थापन करण्यात आली.
वार्षिक वर्गणी बारा डॉलर.
सूचक ऑडेल प्रेविट, अनुमोदक व्हर्ना स्कोग्लुंड.
एकमताने.

एकमत कसलं!
नावावरच पावणेदोन तास गेले.
कुणी म्हणालं, 'लेखापरीक्षक' शब्दाला लोक बिचकतात,
जरा मवाळ काही नाही का?
व्हर्ना म्हणाली, बिचकू देत.

व्हर्नानं रस्त्यावर टाकायचं मीठ मोजलं होतं.
नगरपालिकेच्या गोदामात, हातमोजे काढून,
ढिगाला दोरी गुंडाळून, काठी लावून.
कागदावर नऊशे टन.
दोरीत सहाशे दहा.
अहवाल दिला त्याच्या पुढच्या सोमवारी
तिचं टेबल बॉयलरशेजारी गेलं.
'ऊब तरी आहे,' ती म्हणाली,
आणि कुणी हसलं नाही.
त्या खोलीतल्या प्रत्येकाचं टेबल
कधी ना कधी कुठे ना कुठे हललं होतं.

आयनो लाहतीच्या गावचा महापौर तिचा मावसभाऊ.
सणाच्या जेवणात टर्की कापताना तो म्हणतो,
जपून रे, आयनो बघतेय.
सगळे हसतात. तीही हसते.
मग घरी जाऊन बराच वेळ
ओव्हरकोट न काढता बसते.

प्रेविट दोन दिवस गाडी हाकत आला होता, दक्षिणेतून.
बर्फ त्यानं पहिल्यांदा पाहिला तो इथे.
तो एवढंच म्हणाला:
माझी बेरीज बरोबर आहे हे मला माहीत आहे.
पण ती तपासून
हो म्हणणारं कुणीतरी हवं,
नाहीतर रात्री तीनला
आपल्यालाच आपली बेरीज चुकल्यासारखी वाटते.
हे इतिवृत्तात नाही.
कुठल्या कलमाखाली घालणार होते?

साडेनऊला सभा संपली. रस्ते बंद व्हायला आले होते.
आयनोनं कॉफीचा डबा उलटा केला:
माणशी पंचाहत्तर सेंट, नऊ माणसं, सहा पंचाहत्तर.
डब्यात सहा चाळीस.

कुणी उठलं नाही.
टेबलं सरकवली, डोनटच्या खोक्याखाली पाहिलं,
बेकरीची पावती दोघांनी वेगवेगळी वाचली.
एक जण म्हणाला, जाऊ दे ना, मी घालतो खिशातून.
आणि व्हर्ना त्याच्याकडे अशी वळली
जशी त्या मिठाच्या ढिगाकडे वळली असणार.
'खिशातून घालून मेळ बसवायचा?
मग आपण इथे जमलो कशाला?'

माझ्याकडे सकाळी सुटे नव्हते.
चाळीस टाकले होते, उरलेले नंतर टाकीन म्हणून.
हातचा धरायचा राहिला, तसं ते राहून गेलं.
मी हे सांगितलं तेव्हा कान तापले होते माझे.
कुणी रागावलं नाही. प्रेविट म्हणाला, लिही.
म्हणून शेवटच्या पानावर, माझ्याच बऱ्या अक्षरात:
डब्यात पस्तीस सेंट कमी.
कारण: इतिवृत्तलेखिका. रक्कम वसूल.
संघटनेचा पहिला आक्षेप.

कोट चढवले. मफलर गुंडाळले.
तेवढ्यात जिन्यावर बूट आपटल्याचा आवाज,
आणि एमिल ट्वेट, भुवयांवर बर्फ,
ओठ निळे, सगळ्यांना एकदम नमस्कार करत,
कॉफीचा थेंबही न पिता
डब्यात पंचाहत्तर सेंट टाकता झाला.

नाणी वाजली. थांबली.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

जास्त भरणं हीसुद्धा चूकच.
व्हर्नानं मफलर सोडला
आणि खुर्ची ओढली.